मांडवा ते जयगड: एकटीच्या मोटरसायकल प्रवासातील फेरीबोटी

कोकणच्या किनाऱ्याने मोटरसायकलवरून दक्षिणेकडे निघालेल्या माणसाला नकाशावर जी सलग रेघ दिसते, ती प्रत्यक्षात सलग नाही. राजपुरीची खाडी, सावित्रीच्या मुखाशी बाणकोटची, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळची आणि शास्त्रीच्या मुखाशी जयगडची, अशा चार खाड्या तो रस्ता चार ठिकाणी तोडतात. प्रत्येक ठिकाणी डांबर संपते, सिमेंटचा उतार पाण्यात शिरतो आणि पलीकडचे गाव त्याच्या माडांसह स्पष्ट दिसत असते. रस्त्याने तिथे पोहोचायचे तर मात्र खाडीच्या वरच्या टोकाला वळसा घालावा लागतो. दाभोळच्या बाबतीत हा वळसा दापोलीवरून खेड, चिपळूण आणि मग गुहागर असा शंभराहून अधिक किलोमीटरचा होतो; बाणकोटच्या बाबतीत आंबेत आणि म्हाप्रळच्या मधला पूल गाठावा लागतो; जयगडसाठी भातगावचा पूल. हे सगळे वळसे वाचवणारी जी फेरीबोट आहे, जिला किनाऱ्यावर अनेक जण जंगलजेटी म्हणतात, तिचे हे परीक्षण आहे आणि ते एकट्या दुचाकीस्वाराच्या गरजांच्या दृष्टीने लिहिले आहे.

गेल्या फेब्रुवारीत मी सहा दिवसांची रजा घेऊन मुंबईहून रत्नागिरीपर्यंत गेले आणि परत आले. गाडी साडेतीनशे सीसीची रॉयल एनफिल्ड क्लासिक, तिचे वजन १९५ किलो, त्यावर दोन बाजूंच्या पिशव्यांचे मिळून पंधरा-सोळा किलो सामान, आणि सोबत कोणीही नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी मोठी रो-रो बोट (वाहने जिच्यात थेट चालवत नेतात ती) धरून जाताना एकूण पाच बोटी घेतल्या. माझे मत आधीच सांगते: किनाऱ्याचा प्रवास एकट्याने करायचा असेल, तर मुक्कामाची हॉटेले आधी ठरवू नयेत, आधी भरती-ओहोटी पाहावी, मग बोटी ठरवाव्यात आणि त्यानंतर उरलेल्या वेळात बाकीचे सगळे बसवावे. ही सेवा त्या विश्वासाला पात्र आहे. तिच्यात उणिवा आहेत आणि त्या मी पुढे लिहिल्या आहेत, पण त्यांतील बहुतेक थोड्या खर्चात दूर होण्यासारख्या आहेत.

भरतीचे गणित माझ्या आजीने मला शिकवले होते, आणि या प्रवासात मोबाइलमधल्या कोणत्याही तक्त्याइतकेच ते उपयोगी पडले. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची अंदाजे वेळ मिळते. प्रतिपदेला पाऊण वाजता, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. ओहोटी त्याच्या सव्वासहा तास मागे किंवा पुढे. मी पंचमीला निघाले, म्हणजे भरती दुपारी पावणेचारच्या सुमारास आणि सकाळची ओहोटी साडेनऊच्या आसपास. अलिबागचा कुलाबा किल्ला चालत जाऊन पाहायचा असेल तर ओहोटीच लागते. म्हणून पहाटे उठून भाऊच्या धक्क्यावरची सकाळची बोट धरली.

मांडव्याची रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली, लगेच टाळेबंदीत थांबली आणि त्याच वर्षी पुन्हा सुरू झाली. या मार्गावरची मूळ बोट ग्रीसमध्ये बांधलेली आहे आणि ती शंभराहून अधिक गाड्या एका वेळी नेते. समुद्रातला प्रवास सुमारे एक तासाचा. रस्त्याने पनवेल, पेण, वडखळ करत अलिबागला जायचे तर शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर पडते आणि त्यातला बराच भाग अवजड वाहनांच्या मागे रांगेत जातो. मोटरसायकलवाल्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, कारण सहा दिवसांच्या प्रवासाची पहिली सकाळ ट्रकच्या धुरात गेली तर खांदे आणि मनगटे पहिल्याच दिवशी थकतात, आणि एकट्या स्वाराला गाडी चालवायला दुसरे कोणी नसते. तिकीट आधी आरक्षित करता येते, धक्क्यावर कर्मचारी दुचाकींना वेगळ्या रांगेत उभे करतात, गाडी खालच्या डेकवर लावून प्रवासी वर जातात. वर बसायला नीट खुर्च्या आहेत, स्वच्छ स्वच्छतागृह आहे, चहा मिळतो. आराम या एकाच निकषावर पाहिले तर पाचही बोटींत ही पहिली येईल. पण गाडी नजरेआड राहते, आणि सामान बांधलेली गाडी नजरेआड ठेवणे हीच एकट्या प्रवाशाची सर्वांत मोठी काळजी असते. मी पैसे, कागदपत्रे आणि कॅमेरा एका लहान पिशवीत वेगळे ठेवले होते, ती पिशवी सहा दिवस खांद्यावरून उतरली नाही.

मांडव्याहून अलिबाग वीस किलोमीटर. कुलाबा किल्ल्यापर्यंतच्या वाळूवर पोहोचले तेव्हा पावणेदहा वाजले होते आणि पाणी घोट्याएवढे होते. गाडी किनाऱ्यावरच्या एका शहाळेवाल्या काकूंच्या ठेल्याशेजारी लावली, त्यांच्याकडून शहाळे घेतले आणि हेल्मेट त्यांच्याकडेच ठेवले. शिवाजी महाराजांच्या आरमारी धोरणातून उभ्या राहिलेल्या आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात नावारूपाला आलेल्या या किल्ल्यात आजही गोड्या पाण्याची पुष्करणी आहे आणि सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. तटाच्या दगडांमध्ये चुना नाही, मोठे चिरे नुसते एकावर एक रचले आहेत. लाटेचे पाणी फटींतून आत शिरते, तिथेच तिचा जोर मोडतो आणि भिंत उभी राहते. एक तासात परत फिरले, कारण अकराच्या पुढे पाणी चढू लागते. कान्होजींची समाधी अलिबाग गावातच आहे. तिथे दहा मिनिटे थांबून निघाले.

अलिबाग ते मुरूड हा रस्ता रेवदंडा, कोर्लई, काशीद असा जातो. कोर्लईला पोर्तुगीज किल्ल्याच्या पायथ्याशी एक वस्ती आहे, जिथे पोर्तुगीजांपासून आलेली एक मिश्र बोली घराघरांत अजून बोलली जाते. पोर्तुगीजांनी हा मुलूख १७४० मध्ये सोडला, बोली मात्र तशीच मागे राहिली. काशीदविषयी लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही. तिथे गर्दी होती आणि मी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेले. एकोणीस बुरुजांचा हा किल्ला एकदाही जिंकला गेला नाही, आणि का, हे होडी दरवाज्याच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही तेव्हा कळते. सिद्दींचे हे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. समुद्रात पलीकडे महाराजांनी याच जंजिऱ्याला शह देण्यासाठी बांधलेला पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्यावर चिलखती जाकीट आणि बूट घालून जाऊ नये, हा सल्ला मनापासून देते. पायऱ्या आणि ऊन दोन्ही अंगावर येतात. मी जाकीट राजपुरीच्या धक्क्यावर चहाच्या टपरीत ठेवून गेले आणि परत आले तेव्हा त्या बाईंनी ते सावलीत घडी घालून ठेवले होते.

तिथून आगरदांडा जवळच आहे, आणि पहिली खरी जंगलजेटी आगरदांडा ते दिघी. मोठ्या रो-रो बोटीपेक्षा ही सेवा पूर्णपणे वेगळ्या स्वभावाची आहे. आरक्षणाची गरज पडत नाही. धक्क्यावरच्या खिडकीतून गाडीचे आणि माणसाचे वेगळे तिकीट घ्यायचे आणि उतारावर उभे राहायचे. सपाट बुडाची बोट येते, पुढचा लोखंडी रॅम्प साखळीने खाली टेकतो, पलीकडून आलेल्या दुचाकी आधी बाहेर पडतात, मग चारचाकी; आणि आत जातानाही दुचाकी आधी. स्वाराने गाडीजवळच उभे राहायचे असते. मला हीच पद्धत अधिक पटली. पंधरा-वीस मिनिटांच्या त्या काळात गाडीवरचा हात सुटत नाही, सामान डोळ्यांसमोर असते, इंजिन थंड होते, साखळीवर नजर टाकता येते आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसाशी आपोआप बोलणे सुरू होते. एकट्याने प्रवास करताना दिवसातले सात-आठ तास हेल्मेटच्या आत कोणाशीही न बोलता जातात. या बोटींवर माणसे भेटतात, आणि त्यांना पुढच्या रस्त्याची ताजी माहिती असते. श्रीवर्धनला जाताना बोर्लीवरून आत न वळता किनाऱ्याने जा, हे मला दिघीच्या बोटीवर एका सुपारीच्या व्यापाऱ्याने सांगितले.

गाडी बोटीवर कशी उभी करावी, याबाबत बोटीवरच्या तरुण खलाशाने जे सांगितले ते जसेच्या तसे लिहिते, कारण पुढच्या तिन्ही बोटींवर त्याचा उपयोग झाला. ‘‘ताई, मेन स्टँड नको. साइड स्टँडवर लावा, पहिला गिअर टाकून ठेवा आणि हँडल स्टँडच्या बाजूला वळवून लॉक करा.’’ मधल्या स्टँडवर गाडीचे मागचे चाक अधांतरी असते आणि बोट हेलकावली की ती दोन्ही बाजूंना पडू शकते. साइड स्टँडवर मात्र ती आधीच एका बाजूला टेकलेली असते आणि गिअरमुळे पुढेमागे सरकत नाही. शक्य असेल तर कठड्याला समांतर आणि पुढचे चाक कशाला तरी टेकवून लावावी. खाडीच्या आत लाट फार नसते, पण मुखाजवळ दुपारनंतर वारा सुटला की हेलकावे चांगलेच जाणवतात.

दिघीहून दिवेआगर आणि पुढे आरावी, शेखाडी असा श्रीवर्धनपर्यंतचा रस्ता हा या संपूर्ण प्रवासातला सर्वांत सुंदर तुकडा होता, आणि मी तो हेतुपुरस्सर दोनदा चालवला: एकदा श्रीवर्धनपर्यंत जाऊन पुन्हा शेखाडीपर्यंत मागे आले आणि परत गेले. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला रस्त्याच्या कडेपासून काही हातांवर समुद्र, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी चार वाजता वाहने जवळजवळ नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने याच पट्ट्यातल्या माड-पोफळींच्या वाड्या आडव्या केल्या. श्रीवर्धनी रोठा म्हणून जी सुपारी नावाजली जाते तिची झाडे उत्पन्नाला यायला वर्षे लागतात, त्यामुळे नव्या लावणीच्या बुटक्या रांगा आणि मधूनच उभे असलेले जुने उंच झाड असे दृश्य आजही दिसते. बोटीवरचे ते व्यापारी याच वाड्यांविषयी बोलत होते. त्यांनी सांगितलेला रस्ता निवडला नसता तर हे माझ्या नजरेतून सुटले असते. श्रीवर्धन हे पहिल्या पेशव्यांचे, बाळाजी विश्वनाथांचे गाव.

हरिहरेश्वरला मुक्काम केला तो प्रदक्षिणेसाठी. मंदिरामागून डोंगर चढून उतरणारी वाट समुद्राच्या पातळीवर येते आणि लाटांनी कोरलेल्या खडकांवरून पुढे जाते. ही वाट ओहोटीलाच चालता येते. भरतीला आणि उधाणात तिच्यावर जाणे जिवावर बेतू शकते आणि तिथे माणसे बुडालेली आहेत, म्हणून फलकावर लिहिलेले शब्दशः पाळावे. सप्तमीची ओहोटी अकराच्या सुमारास होती. मी दहाला निघून साडेअकराला परत आले आणि लगेच बागमांडल्याच्या धक्क्याकडे वळले.

येथे उणिवांकडे येते. माझी गाडी या प्रवासात एकदा आडवी झाली आणि ती एका धक्क्याच्या उतारावर. भर ओहोटी होती. ओहोटीला पाणी खाली जाते तसा सिमेंटचा जो भाग एरवी पाण्याखाली असतो तो उघडा पडतो आणि त्यावर हिरवे शेवाळ असते. शिवाय बोट खाली गेल्यामुळे उतार अधिक तीव्र होतो. मी शेवाळाच्या पट्ट्यावर असताना पुढचा ब्रेक दाबला. पुढचे चाक सरकले आणि गाडी डाव्या बाजूला हळूच बसली. वेग नव्हता, मला लागले नाही, क्लचचा दांडा थोडा वाकला. दोन खलाशी आणि मासे घेऊन उतरणारे एक गृहस्थ धावत आले आणि त्यांनी १९५ किलोची गाडी सामानासकट उभी केली. कोणता धक्का, हे लिहीत नाही, कारण पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक सिमेंटच्या उताराला शेवाळ धरते. त्यानंतर मी नियम केला आणि तो पाळला: उतारावर पहिल्या गिअरमध्ये, इंजिनच्या ओढीवर, केवळ मागच्या ब्रेकने, सरळ रेषेत उतरायचे, रॅम्पच्या लोखंडी पत्र्यावर थांबायचे नाही आणि वळायचेही नाही, पुढची गाडी पूर्ण आत गेल्याशिवाय आपण उतारावर पाऊल टाकायचे नाही. ज्यांची उंची कमी आहे आणि ज्यांचे पाय जमिनीला जेमतेम टेकतात त्यांनी खलाशाला मागे हात लावायला सांगावे. ते आनंदाने लावतात.

यावर उपाय अवघड नाही. उताराच्या खालच्या भागात आडव्या खाचा पाडणे, आठवड्यातून एकदा शेवाळ खरवडणे आणि मोठ्या ओहोटीच्या वेळी दुचाकीस्वारांना वरच थांबवून एकेकाला सोडणे, एवढे झाले तरी पुरेसे आहे. शेवटची गोष्ट एका धक्क्यावर प्रत्यक्षात होताना मी पाहिली आणि तिथे पन्नाशीतले एक जोडपे स्कूटरवरून निर्धास्त उतरले.

दुसरी उणीव माहितीची. एका दुपारी मला दीड तास थांबावे लागले. बोट पलीकडे अडकली होती, पण का आणि किती वेळ, हे खिडकीवर किंवा फलकावर कुठेही लिहिलेले नव्हते. धक्क्यावरच्या माणसांना ठाऊक होते आणि विचारल्यावर त्यांनी सांगितले; परंतु एखाद्याला पुढे साठ किलोमीटर घाटवळणाचा रस्ता अंधार पडण्यापूर्वी काढायचा असेल, तर थांबावे की वळसा घालावा हा निर्णय त्याला लगेच करावा लागतो. रोजच्या फेऱ्यांच्या वेळा, शेवटची फेरी आणि त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहिलेला एक काळा फळा प्रत्येक खिडकीशेजारी असावा, अशी माझी विनंती आहे. सावलीचीही उणीव जाणवते. चिलखती जाकीट घालून फेब्रुवारीच्या दुपारी उघड्या उतारावर अर्धा तास उभे राहणे हा खरा त्रास आहे.

भाड्याविषयी तक्रार करायला जागा नाही. खाडीवरच्या चारही बोटींवर दुचाकी आणि स्वार यांचे मिळून भाडे वळशाला लागणाऱ्या पेट्रोलपेक्षा कमीच भरले, आणि वाचलेले दोन-तीन तास त्यात धरलेले नाहीत. मांडव्याच्या मोठ्या बोटीचे भाडे अर्थात जास्त आहे, पण तिचे अंतर आणि सोयही तशी आहे.

बागमांडल्याहून वेश्वीला उतरले की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. खाडीच्या दक्षिण काठावर, मुखापाशी बाणकोटचा किल्ला. इंग्रजांनी तो १७५० च्या दशकात घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. मराठ्यांचा हिंमतगड तो हाच. तिथून वेळास अगदी जवळ आहे. नाना फडणविसांचे हे गाव आता ऑलिव्ह रिडले कासवांमुळे ओळखले जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन इथे घरट्यांचे संरक्षण सुरू केले. किनाऱ्यावरची अंडी कुंपणातल्या वाळूत पुरून ठेवतात, पन्नास दिवसांच्या आसपास पिल्ले बाहेर येतात आणि सकाळ-संध्याकाळ ती समुद्राकडे सोडली जातात. सप्तमीच्या त्या संध्याकाळी सात पिल्ले निघाली. ती वाळूवरून पाण्यापर्यंत स्वतःच चालत जातात, त्यांना कोणी उचलून पाण्यात टाकत नाही. तेवढे अंतर चालणे त्यांना आवश्यक असते. मी गावातल्या घरी उतरले होते. जमिनीवर गादी, पानात वरणभात, आमटी आणि उकडीचा मोदक. जेवण वाढणाऱ्या आजींनी विचारले, ‘‘एकटीच फिरतेस काय गो? घरची काही बोलत नाहीत?’’ मी म्हटले, रोज रात्री फोन करते. त्या म्हणाल्या, ‘‘मग आता कर. इथे रेंज अंगणातच येते.’’

चौथा दिवस वाटेतल्या थांब्यांच्या दृष्टीने सर्वांत भरलेला होता आणि त्यामुळेच सर्वांत घाईचा झाला. केळशीची वाळूची टेकडी आणि महालक्ष्मीचे मंदिर, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णैचे बंदर, समुद्रातला सुवर्णदुर्ग, आणि नंतर दाभोळ. यांतील केळशी आणि हर्णै यांना मिळून एक पूर्ण दिवस द्यायला हवा होता. हर्णैला मासळीचा लिलाव संध्याकाळी भरतो आणि मी दुपारी तिथे होते, त्यामुळे तो पाहायला मिळाला नाही. दाभोळच्या बोटीची शेवटची फेरी उशिरा असते हे मला आधी ठाऊक असते तर मी थांबले असते. फळ्यावरच्या वेळांचा मी जो आग्रह धरते त्यामागे ही हळहळ आहे.

दाभोळ ते धोपावे ही या मालिकेतली जुनी सेवा, २००३ पासून चालू असलेली, आणि ती सर्वांत सफाईने चालते हे प्रत्येक हालचालीत दिसते. बोट टेकल्यापासून गाड्या चढून रॅम्प वर उचलला जाईपर्यंत फार वेळ गेला नाही आणि कोणी आवाजही चढवला नाही. शिक्षक, बँकेतले कर्मचारी, माशांच्या टोपल्या घेतलेल्या बायका, रुग्णालयातून परतणारे कुटुंब आणि माझ्यासारखी एखादी प्रवासी, असा सगळा संसार त्या लोखंडी डेकवर एकत्र उभा होता. बहामनी काळात ज्या बंदरातून अरबस्तानापर्यंत व्यापार चालत असे, त्या दाभोळच्या काठावरची जुनी मशीद बोटीवरून मागे सरकताना दिसते आणि समोर अंजनवेलच्या बाजूला वीज प्रकल्पाच्या चिमण्या. ही संध्याकाळची फेरी घ्यावी, असे मी आवर्जून सुचवीन. अष्टमीची भरती सहा वाजता पूर्ण भरली होती, त्यामुळे उतार जवळजवळ सपाट होता आणि सूर्य खाडीच्या मुखातच मावळत होता.

या खाड्यांवर सागरी महामार्गाचे पूल बांधण्याची योजना आहे. बोटीवर हा विषय निघाला तेव्हा मी गप्प राहिले. रात्री एखाद्या बाळंतिणीला पलीकडच्या दवाखान्यात न्यायचे असेल आणि बोट बंद असेल, तर काय होते, हे त्याच डेकवरच्या एका बाईंनी शांतपणे सांगितले. पूल व्हावेत, त्यांना विरोध करण्याचा अधिकार सहा दिवसांच्या पाहुणीला नाही. पूल झाल्यावरही पायी जाणाऱ्यांसाठी आणि दुचाकींसाठी एखादी लहान बोट चालू राहावी, एवढी इच्छा मात्र आहे. गावाच्या मध्यावरून गावाच्या मध्यावर जाणारी वाट पूल देऊ शकत नाही, तो दोन्ही गावांना बाजूला ठेवून जातो.

पाचव्या दिवशी गुहागरहून वेळणेश्वर आणि हेदवी. हेदवीच्या समुद्राकाठी बामणघळ आहे: खडकातली अरुंद, खोल भेग, जिच्यात भरतीच्या लाटा शिरल्या की पाणी कारंज्यासारखे वर उसळते. माझ्या आजीच्या गणिताचा इथे मी पुरेसा विचार केला नव्हता. नवमीची सकाळची भरती पावणेसातला होऊन गेली होती आणि मी साडेदहाला पोहोचले. शिवाय अष्टमी-नवमीला भांग असते, म्हणजे भरती मुळातच कमी चढते. घळीच्या तळाशी पाणी नुसते हलत होते. दशभुजा गणपतीचे दर्शन घेतले आणि तवसाळला निघाले.

तवसाळ ते जयगड ही चारही खाड्यांवरची सर्वांत निवांत बोट वाटली. माझ्या फेरीला दोन रिक्षा, चार दुचाकी आणि एक आंब्याच्या रिकाम्या पेट्यांचा टेम्पो होता. इथल्या खलाशांनी न विचारता गाडीच्या मागच्या चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवला. इतकी साधी गोष्ट सगळीकडे का होत नाही, असे तेव्हा वाटले, कारण त्या एका ठोकळ्यामुळे मला वीस मिनिटे गाडी धरून उभे राहावे लागले नाही आणि जयगडचा किल्ला जवळ येताना पाहता आला. पुढे मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर, गणपतीपुळे, आरे-वारेचा रस्ता आणि संध्याकाळी रत्नागिरी. ब्रह्मदेशाच्या ज्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवले, त्याचा राजवाडा १९१० चा. तो मी दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी पाहिला. वरच्या गच्चीतून भाट्याची खाडी दिसते, आणि तिच्यावर पूल आहे.

परतीला महामार्गाने आले. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर एका दिवसात कापले. त्याविषयी सांगण्यासारखे काही घडले नाही.

एकट्याने हा प्रवास करू इच्छिणाऱ्यांनी सहाऐवजी आठ दिवस ठेवावेत, चौथ्या दिवसाचे दोन करावेत, शनिवार-रविवार बोटींवर येऊ देऊ नयेत, कारण सुट्टीच्या दिवशी चारचाकींच्या रांगा धक्क्यापासून वर गावापर्यंत लागतात, आणि पावसाळ्यात जायचे असल्यास त्या दिवशी बोट चालू आहे का हे सकाळीच विचारून घ्यावे. मी स्वतः पुढच्या वेळी उलट्या दिशेने, रत्नागिरीहून उत्तरेकडे येणार आहे. पंचांग पाहून ठेवले आहे: पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेला भरती पाऊण वाजता, उधाणाची. सकाळची जयगडची बोट धरली तर साडेबाराला हेदवीच्या घळीपाशी पोहोचता येते.